चाळीस कुटुंबांना इंटरनेट द्यायचंय, सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्थेकडे थोडा निधी जमलाय, कमी उत्पन्नाच्या चाळीस कुटुंबांची यादी हातात आहे, प्रत्येक घराला सहा महिन्यांचं इंटरनेट आणि जमलं तर एक स्मार्टफोन द्यायचा विचार आहे, तर प्लॅन कोणता घ्यावा? मी चौदा वर्षं हेच काम करते आहे. अर्ज भरून देणं, कस्टमर केअरशी तासन्‌तास बोलणं, बंद पडलेले नंबर परत चालू करून घेणं. प्लॅनचं पुढे सांगते. पण काहीही विकत घेण्याआधी यादीतल्या प्रत्येक घरी जाऊन एक गोष्ट विचारून या: गेल्या वर्षभरात तुमचा फोन किती वेळा बंद पडला, आणि कशामुळे?

या एका प्रश्नाने तुमची यादीच बदलेल. ‘यांच्याकडे इंटरनेट नाही’ असं आपण ज्या घरांबद्दल म्हणतो, त्यातल्या बऱ्याच घरांत ते असतं, पण महिन्यातले पंधरा-वीस दिवस. हातात पैसे आले की रिचार्ज होतो, तिसऱ्या आठवड्यात संपतो, मग शेजाऱ्याचा हॉटस्पॉट, मग काहीच नाही. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, इंटरनेटसाठी अनुदान घेणाऱ्या कुटुंबांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष २०२४च्या सुरुवातीला जाहीर केले. त्यात ६८ टक्के कुटुंबांनी सांगितलं की अनुदानाआधी त्यांच्याकडे जोडणी एक तर नव्हतीच किंवा सतत चालू राहत नव्हती. हे मध्येमध्ये तुटणं सहसा मोजलं जात नाही. ‘घरात इंटरनेट आहे का’ या रकान्यात ते घर ‘हो’ म्हणून मोकळं होतं.

तुटण्याने काय होतं ते सांगते. माझ्याकडे एक बाई यायच्या, घरोघरी साफसफाईची कामं करणाऱ्या. एका वर्षात त्यांचे चार नंबर झाले. दर वेळी कारण तेच: जुन्या सिमवर रिचार्ज मारण्यापेक्षा नवं सिम घेतलं की पहिल्या महिन्याची ऑफर स्वस्त पडायची. त्यांचा हिशेब चुकत नव्हता. त्या आठवड्यात हातात होते तेवढ्या पैशांत तेच बसत होतं. पण शाळेकडे पहिला नंबर, दवाखान्याकडे दुसरा, बँकेत तिसरा. मुलाच्या तपासणीची तारीख पुढे-मागे झाल्याचा निरोप बंद नंबरवर गेला आणि नवी तारीख मिळायला तीन महिने लागले. ओटीपी येईना म्हणून बँकेचं खातं असून नसल्यासारखं झालं. शिवाय बंद झालेला नंबर कंपनी कायम राखून ठेवत नाही. अमेरिकेत तो दुसऱ्याला देण्यापूर्वी किमान ४५ दिवस थांबण्याचा नियम आहे. इतर देशांत मुदत कमी-अधिक असते, पण ती संपली की तुमचे निरोप आणि ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जायला लागतात.

तेव्हापासून मी स्वतःच्या कामाचं माप बदललं. किती घरांना जोडणी दिली हे मी मोजत नाही. सहा महिन्यांनी त्याच नंबरवर फोन लावते आणि कोण उचलतं ते बघते. तुम्हीही हेच माप धरावं अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण मग निधी कुठे घालायचा याची उत्तरं वेगळी येतात.

परवडण्याबद्दल आधी एक गोष्ट. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आणि युनेस्को यांनी मिळून स्थापलेल्या ब्रॉडबँड आयोगाने २०२५पर्यंतचं लक्ष्य ठेवलं होतं की विकसनशील देशांत प्राथमिक ब्रॉडबँडचा खर्च दरडोई मासिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांखाली यावा. देशांची तुलना करायला हे माप चांगलं. पण ते सरासरीवर उभं आहे. ज्याची कमाई सरासरीच्या पाचव्या हिश्श्याएवढी, त्याला तोच प्लॅन उत्पन्नाच्या १० टक्क्यांना पडतो. त्यात कमाई रोजची असेल तर एकरकमी पैसे कधी साठतच नाहीत. म्हणून गरीब घर सात दिवसांचा, कधी एका दिवसाचा पॅक घेतं आणि वर्षाचा हिशेब केला तर शेजारच्या सुखवस्तू घरापेक्षा प्रत्येक जीबीमागे जास्त पैसे मोजतं.

तुमच्या निधीची खरी ताकद इथे आहे. संस्थेकडे जे असतं आणि त्या घराकडे जे नसतं, ते म्हणजे एकरकमी पैसा. तेव्हा तो सहा वेगवेगळ्या मासिक रिचार्जमध्ये वाटू नका. वर्षभराची व्हॅलिडिटी असलेला रिचार्ज, घरच्या ब्रॉडबँडची अनामत, जोडणीचं शुल्क, जुनी थकबाकी: हे एकदाच लागणारे आणि त्या घराला कधीच न जमणारे खर्च तुम्ही उचला. महिन्याचं बिल त्या कुटुंबाला झेपेल एवढं खाली कसं आणायचं, ते सरकारी योजना आणि कंपन्यांच्या सवलतींतून बघायचं.

आणि योजना आधी शोधा, निधी नंतर. हा क्रम सहसा उलटा होतो. बऱ्याच ठिकाणी हक्काची सवलत असते आणि घेणारं कुणी नसतं. ब्रिटनमध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ‘सोशल टॅरिफ’ नावाचे स्वस्त प्लॅन आहेत. तिथल्या ऑफकॉम या नियामक संस्थेने २०२२च्या सुरुवातीला हिशेब मांडला तेव्हा सुमारे ४२ लाख पात्र कुटुंबांपैकी जेमतेम ५५ हजारांनी, म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी लोकांनी, ते घेतले होते. लोक आळशी होते म्हणून नव्हे. असं काही आहे हेच बहुतेकांना माहीत नव्हतं. अमेरिकेत लाइफलाइन ही योजना १९८५पासून आहे. ती सुरू झाली घरच्या टेलिफोनसाठी, नंतर मोबाइलला लागू झाली आणि २०१६मध्ये नियम बदलून इंटरनेटलाही. महिन्याला ९.२५ डॉलरपर्यंत सूट मिळते, आदिवासी जमातींच्या भूभागांवर त्याहून जास्त. भारतात ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने डिसेंबर २०२४मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएससाठीचं वेगळं व्हाउचर, म्हणजे रिचार्ज, देणं बंधनकारक केलं, आणि विशेष व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवस केली. बटणाचा फोन वापरणाऱ्या आजीच्या माथी नको असलेला डेटा मारला जाऊ नये, हा त्यामागचा विचार मला मनापासून पटतो. तुमच्या यादीतही अशी माणसं असतील. त्यांना स्मार्टफोन देण्याचा आग्रह धरू नका. त्यांना वर्षभर न तुटणारा फोन हवा आहे, तो द्या.

या योजनांच्या बारीक अटींवर मात्र नीट वेळ घाला, कारण माणसं गळतात ती तिथेच. लाइफलाइनचंच उदाहरण घ्या. एका कुटुंबाला एकच सवलत, हा नियम. पण ‘कुटुंब’ म्हणजे एका पत्त्यावरची सगळी माणसं नव्हेत. एकत्र राहून कमाई आणि खर्च एकत्र करणारी ती. एका घरात दोन भाऊ वेगळ्या चुली मांडून राहत असतील तर दोघेही पात्र ठरू शकतात, पण त्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो. तो न भरल्यामुळे दुसऱ्या भावाचा अर्ज ‘या पत्त्यावर आधीच लाभ दिला आहे’ म्हणून परत येतो, आणि तो बिचारा समजतो की आपण पात्रच नाही. दर वर्षी पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागते. ते पत्र जुन्या पत्त्यावर गेलं की सवलत बंद. आणि ज्या प्लॅनला महिन्याचं बिलच नसतं, तो सलग ३० दिवस वापरला नाही तर १५ दिवसांची सूचना देऊन काढून घेतला जातो. आजारपणात दोन महिने रुग्णालयात पडून असलेल्या माणसाचा फोन नेमका त्याच काळात असा बंद झालेला मी पाहिलाय. आता मी अशा घरी सांगून ठेवते: फोन कुणीही हातात घ्या, पण महिन्यातून दोनदा त्यावरून एक कॉल करा.

तुमच्या देशातल्या योजनेच्या अटी वेगळ्या असतील. पण हे चार प्रश्न तिथेही विचारा. कुटुंब कशाला म्हणतात? नूतनीकरण कधी? न वापरल्यास काय होतं? पत्रव्यवहार कुठल्या पत्त्यावर? उत्तरं प्रत्येक कुटुंबाच्या कागदावर लिहून ठेवा. बहुतेक अर्ज ऑनलाइनच भरायचे असतात, म्हणजे इंटरनेट मिळवण्यासाठी आधी इंटरनेट हवं. म्हणून तुमची पहिली मदत म्हणजे एक टेबल, एक चालू जोडणी आणि धीराने समोर बसणारा माणूस. दुसऱ्या कुठल्या सरकारी मदतीसाठी त्या कुटुंबाचं उत्पन्न आधीच तपासलेलं असेल, तर तोच कागद बहुधा इथेही चालतो. उत्पन्नाचे नवे दाखले गोळा करायला लावण्याआधी घरातली जुनी फाइल उघडायला सांगा. निम्मी कामं त्या फाइलमधूनच होतात.

आता थकबाकी. याबद्दल कुणी विचारत नाही, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त घरं अडकलेली असतात ती इथेच. दोन-तीन वर्षांपूर्वी घरी ब्रॉडबँड होतं, नोकरी गेली, बिल थकलं, जोडणी तोडली. आता सवलतीचा प्लॅन घ्यायला गेलं की कंपनी म्हणते, आधी जुनं भरा. माणूस लाजेने परत येतो आणि तुम्हाला सांगतो, ‘आम्हाला इंटरनेटची गरज नाही.’ हे वाक्य ऐकलं की मी थांबते आणि हळूच विचारते, आधी कधी होतं का? बऱ्याचदा गोष्ट तिथून उलगडते.

अशा वेळी रक्कम ऐकून लगेच भरू नका. आधी बिलाची फोड मागा. मी पाहिलेल्या कितीतरी बिलांत सेवेची थकबाकी थोडी आणि परत न केलेल्या राउटरचा दंड मोठा असतो. तो राउटर घरातच कपाटावर धूळ खात पडलेला असतो. तो परत करून पोच घेतली की आकडा खाली येतो. मग उरलेल्याचे हप्ते मागा. फोनवर पहिला माणूस ‘अशी सोय नाही’ म्हणेल. त्याच्यावर चिडू नका, त्याला खरंच माहीत नसतं. सवलतीच्या प्लॅनचं नेमकं नाव घ्या, तक्रार क्रमांक मागा, वरच्या अधिकाऱ्याकडे जोडायला सांगा. ठरलेलं सगळं लेखी आल्याशिवाय एक पैसाही देऊ नका. आणि हे बोलणं कुटुंबातल्या माणसाला शेजारी बसवून, स्पीकरवर करा. पुढच्या वेळी ते स्वतः बोलतील. तुमच्या निधीतून एखाद्या घराची जुनी थकबाकी मिटली, तर सहा महिन्यांच्या फुकट डेटापेक्षा ती कितीतरी मोठी मदत आहे.

प्लॅन निवडताना पहिल्या महिन्याची किंमत बघूच नका. बारा महिन्यांची बेरीज करा: जोडणी शुल्क, राउटरचं भाडं, ऑफर संपल्यावरचा दर, कर, मुदतीआधी सोडल्यास दंड. मोबाइलमध्ये दोन गोष्टी बघा. डेटा संपल्यावर काय होतं? वेग कमी होऊन चालू राहत असेल तर ठीक. पूर्ण थांबत असेल किंवा जास्तीचे पैसे कापले जात असतील तर तो प्लॅन या घरांसाठी नाही. आणि व्हॅलिडिटी संपल्यावर येणारे कॉल किती दिवस चालू राहतात?

मोबाइल की घरची लाइन, याचं उत्तर घरातली माणसं मोजून येतं. व्हिडिओ कॉलला तासाला अर्धा ते एक जीबी जातो. साध्या दर्जाचा व्हिडिओही साधारण तेवढाच खातो, एचडी दोन-तीन जीबी. नुसता आवाजाचा इंटरनेट कॉल तासाभरात काही डझन एमबींत होतो. म्हणजे घरात दोन मुलं रोज दोन-दोन तास व्हिडिओ वर्गाला बसत असतील, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत पन्नास ते शंभर जीबी सहज लागतो, आणि तिथे मोबाइल पॅक सहसा पुरत नाही. तिथे घरची लाइन घ्या, साधी, कमी वेगाची चालेल. याउलट, माणसं दिवसभर बाहेर आणि एकटी आजी घरी असेल तर घरच्या लाइनवर घातलेला पैसा वाया जातो. भाड्याचं घर दर वर्षी बदलणाऱ्या कुटुंबाला वर्षाच्या कराराची लाइन देऊ नका. हे सगळं त्या पहिल्या भेटीत, कोण किती वाजता घरी असतं हे विचारून कळतं. एक फोन आणि पाच माणसं असं घर असेल तर फोन संध्याकाळी कुणाच्या हातात असतो हेही विचारा. तो मुलाच्या हातात असेल तर आईला आलेला कामाचा फोन तिच्यापर्यंत पोहोचतोच असं नाही.

जुने फोन दान मिळाले तर आनंदाने घ्या, पण वाटण्याआधी तपासा. जुन्या मालकाचं खातं काढलं नसेल तर फोनमधला सगळा डेटा पुसला तरी तो उघडत नाही. एखाद्या कंपनीलाच बांधलेला असेल तर दुसरं सिम चालत नाही. आणि अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी २०२२मध्ये थ्रीजी बंद केलं तेव्हा वरून ठणठणीत दिसणारे कितीतरी फोन कॉलसाठी निकामी झाले. फोर-जीवरून आवाजी कॉल जातो का, हे स्वतः सिम घालून एक कॉल करून बघा. बॅटरी फुगलेली असेल तर तो फोन देऊच नका.

सार्वजनिक वायफाय, वाचनालयातून हॉटस्पॉट घरी नेण्याची सोय (न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१४मध्ये ती प्रयोग म्हणून सुरू केली), स्पेनमधल्या कॅटालोनियातल्या गुइफी-नेटसारखी लोकांनी २००४पासून स्वतः उभारलेली इंटरनेटची जाळी: हे सगळं मला फार आवडतं आणि त्याबद्दल खूप बोलता येईल. पण चाळीस घरं आणि सहा महिने एवढ्या आवाक्यात ते बसत नाही. जवळ आयतं असेल तर वापरा, उभारायला जाऊ नका.

एका बाबतीत मात्र अजिबात ढिलाई नको. सिम आणि खातं ज्याचं आहे त्याच्याच नावावर असू द्या, संस्थेच्या किंवा स्वयंसेवकाच्या नावावर नको. तुमच्या नावावरचा नंबर तुमच्या निधीबरोबर संपतो. ओळखपत्राचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नका, ओटीपी विचारू नका. त्यांच्या हाताने, त्यांच्या फोनवर टाकू द्या. आणि बाईच्या फोनचं सिम नवऱ्याच्या नावावर आहे का हे बघा. घरात मारहाण असेल तर त्या एका गोष्टीवर तिचं बाहेर पडणं अडतं: बिल त्याच्याकडे जातं, कुणाला फोन केला ते त्याला दिसतं, नंबर तो कधीही बंद करू शकतो. अमेरिकेत २०२२च्या सेफ कनेक्शन्स कायद्याने अशा व्यक्तीला आपली लाइन सामायिक प्लॅनमधून वेगळी काढून घेण्याचा हक्क दिला आणि गरज असेल तर सहा महिने लाइफलाइनचा आधार. असा कायदा नसेल तिथे निदान नवा नंबर तिच्या स्वतःच्या नावावर घेऊन द्या, आणि हे तिला एकटीला विचारा.

शेवटी सहा महिन्यांचं. अमेरिकेत ३१ डिसेंबर २०२१ला एसीपी (अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्रॅम) नावाची इंटरनेट अनुदानाची योजना सुरू झाली. महिन्याला ३० डॉलरपर्यंत, आदिवासी भूभागांवर ७५ डॉलरपर्यंत सूट. सुमारे २ कोटी ३० लाख कुटुंबं त्यात आली. मंजूर निधी संपला, फेब्रुवारी २०२४मध्ये नवे अर्ज थांबले, एप्रिलमध्ये शेवटची पूर्ण सूट मिळाली आणि १ जूनला योजना बंद. ज्यांनी ३० डॉलरमध्ये बसणारा प्लॅन घेतला होता, त्यांच्यासमोर शून्यावरून थेट पूर्ण बिल आलं. तेव्हाही टिकली ती बहुधा तीच घरं, ज्यांना आधीपासून माहीत होतं की सूट गेल्यावर कुठल्या प्लॅनवर उतरायचं.

म्हणून तुम्ही पैसे देऊन झाल्यावर नव्हे, पहिल्याच दिवशी सातव्या महिन्याचं ठरवा. प्रत्येक कुटुंबाबरोबर बसून एक कागद करा: मदत कुठल्या तारखेला संपते, त्यानंतर कुठला प्लॅन, तो किती रुपयांचा की डॉलरचा, रिचार्ज कुठल्या तारखेला, सवलतीचं नूतनीकरण कधी, अडचण आली तर कुणाला विचारायचं. महिन्याच्या बिलातला काही भाग तुम्ही भरत असाल तर पाचव्या महिन्यात तो निम्मा करा आणि उरलेलं त्यांना भरू द्या; झेपत नसेल तर तेव्हाच कळेल आणि प्लॅन बदलायला महिनाभर हातात राहील. दहा घरांमागे एक स्वयंसेवक ठेवा, तोच माणूस शेवटपर्यंत. आणि त्याच्या वहीत आठव्या महिन्यातली एक तारीख आजच लिहून ठेवा, त्या दिवशी त्याने दहाही नंबरांवर फोन लावायचा. जो लागणार नाही, त्या घरी त्याच संध्याकाळी जाऊन यायचं.